मेंदूची गंगाजळी : स्मृतिभ्रंशाच्या वर्गात आम्ही काय शिकलो



वार्षिक अहवालात प्रशासकाने जमाखर्च, खाटांची संख्या आणि नव्या यंत्रसामग्रीची माहिती द्यावी, अशी रीत आहे. ती माहिती पुढील पानांवर आहेच. येथे मात्र आम्ही थोडे निराळे लिहू इच्छितो. आपल्या रुग्णालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या घरच्या माणसांसाठी एक वर्ग भरतो. त्यातील औषधोपचाराचा भाग डॉक्टर सांगतात. घरी कसे बोलावे, कसे वागावे, बँकेची व कागदपत्रांची व्यवस्था कशी लावावी, हा भाग गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. आम्ही वैद्य नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेब तपासण्यात उमेद घालवलेला माणूस हा विषय शिकवतो कसा, असे अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर म्हणजेच हा लेख.

वडिलांची वही

आमचे वडील, ज्यांना घरी सर्व जण अण्णा म्हणत, सांगलीच्या एका हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षे दिवाणजी होते. रोजकीर्द आणि खतावणी यांवर त्यांचा हात असा बसला होता की, पैचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत ते जेवायला उठत नसत. निवृत्तीनंतरही घरखर्चाची वही ते नेमाने लिहीत. २००९ साली एका रविवारी ती वही सहज चाळताना आमच्या ध्यानात आले की, दुधाच्या रतिबाचे पैसे एकाच महिन्यात दोनदा मांडले आहेत. पुढच्या पानावर शिल्लक ओढलेलीच नव्हती. त्यांचे वय तेव्हा त्र्याहत्तर होते. आम्ही हसून म्हणालो, "अण्णा, आता वही आमच्याकडे द्या. तुमचं वय झालं." ते काही बोलले नाहीत. वही मात्र त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत पुष्कळ घडले. पेन्शनचे पैसे आईने घेतले, असा आरोप ते करू लागले. एकच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारू लागले. आम्ही त्यांना समजावले, कधी रागावलो, एकदा पाहुण्यांसमोर फार कठोर बोललो. एका सकाळी ते टोपी घालून घराबाहेर पडले आणि दुपारी मार्केट यार्डात, आपल्या जुन्या पेढीच्या दारात बसलेले सापडले. "मालक अजून आले नाहीत," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर कुठे आम्ही त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. ते साल होते २०११.

वहीतील चूक आम्हाला पहिल्याच दिवशी दिसली होती. ज्याने आयुष्यात कधी रक्कम दोनदा मांडली नाही, त्याच्या हातून ती मांडली गेली, तर त्याचे कारण शोधावे, हे हिशेब तपासनिसाला कोणी शिकवायला नको. दफ्तरात अशी चूक आढळली असती, तर आम्ही तिच्या मुळाशी गेलो असतो. वडिलांच्या बाबतीत मात्र आम्ही शेरा मारला आणि वही मिटली. ती दोन वर्षे परत येणार नाहीत. इतर घरांची अशी वर्षे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी आमचा हा खटाटोप आहे.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण खरी नव्हे

आपल्याकडे वृद्धाचे विसरणे कोणी मनावर घेत नाही, कारण 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण पिढ्यानुपिढ्या आपल्या जिभेवर आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हे वार्धक्याचे नाव नव्हे. मेंदूच्या निरनिराळ्या आजारांमुळे स्मरण, विचार, भाषा, दिशा आणि काळ यांचे भान इतके ढासळते की, रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येत नाहीत. त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर हे त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण होय. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील दोषामुळे होणारा प्रकार आणि इतर काही प्रकारही आहेत. एकाच रुग्णात दोन प्रकार एकत्र असणेही दुर्मिळ नाही.

ज्या रुग्णेमुळे अल्झायमर हे नाव वैद्यकशास्त्रात आले, ती ऑगुस्ट डेटर ही जर्मन स्त्री १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली, तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती. डॉ. आलोईस अल्झायमर यांनी तिची बारकाईने नोंद ठेवली. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निष्कर्ष मांडले. म्हणजे या रोगाची पहिली नोंदलेली रुग्णा साठीलाही पोहोचली नव्हती. उलट, नव्वदी ओलांडूनही लख्ख स्मरणाची माणसे आपण सारेच पाहतो. वयाबरोबर धोका वाढतो हे खरे. परंतु वय हेच कारण असे म्हणणे चुकीचे ठरते.

भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींची पाहणी करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात, या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा निष्कर्ष निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. आपल्या रुग्णालयात येणारा बहुसंख्य रुग्णवर्ग नेमका कोठून येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ आपणांस अधिक जवळून कळेल.

साधे विस्मरण कोणते आणि लक्षण कोणते?

वर्गात सर्वप्रथम हाच प्रश्न येतो. आम्ही पुढील उदाहरणे देतो.

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे साधे आहे; चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न कळणे साधे नाही. शेजाऱ्याचे नाव क्षणभर न आठवणे आणि मागाहून आठवणे साधे आहे. सकाळी भेटून गेलेल्या मुलीची भेट झालीच नाही, असे ठामपणे सांगणे साधे नाही. आमटीत एखाद्या दिवशी मीठ राहून जाणे कोणाच्याही हातून घडते. पन्नास वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला आमटीची कृतीच लागेनाशी होणे, हे लक्षण आहे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांच्या व्यवहारात वारंवार गोंधळ होणे, बोलताना ओळखीचे शब्द न सापडणे, माणसांत मिसळण्याची हौस अचानक नाहीशी होणे, स्वभाव पार पालटणे, यांतील काहीही काही महिने सातत्याने दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. तुलना शेजारच्या आजोबांशी करू नये. त्याच व्यक्तीच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करावी.

तपासणीला आणताना एक काळजी घ्यावी. शंभरातून सात वजा करीत जा, हे वाक्य वाचून तसे करा, असे प्रश्न असलेल्या चाचण्या शिकलेल्या माणसांसाठी तयार झाल्या आहेत. ज्या आजी कधी शाळेत गेल्या नाहीत, त्या अशा चाचणीत आजार नसतानाही नापास होतील. ही अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगड परिसरात संशोधकांनी शाळा न शिकलेल्या वृद्धांसाठी चाचणीचे हिंदी रूप सिद्ध केले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात डोळे मिटण्याची सूचना वाचायला न देता, परीक्षक स्वतः डोळे मिटून तसेच करावयास सांगतो. आमच्या वर्गात आलेल्या एका सूनबाईंनी सासूबाईंविषयी सांगितले होते, "त्यांना अक्षर येत नाही, पण कोणत्या गुरुवारी कोणाकडे किती पायली ज्वारी दिली ते तोंडपाठ होतं. आता तेच राहत नाही." डॉक्टरांना हवी असते ती हीच माहिती. म्हणून तपासणीला येताना रोज सोबत राहणारी व्यक्ती आली पाहिजे आणि पाहिलेले बदल तारखेनिशी लिहून आणले पाहिजेत.

प्रत्येक गोंधळ स्मृतिभ्रंश नसतो

हा मुद्दा आम्ही फळ्यावर लिहितो. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉईडची मंदावलेली क्रिया, नैराश्य, काही औषधांचा दुष्परिणाम, पडल्यानंतर कवटीच्या आत साचलेले रक्त, या कारणांनीही स्मरण आणि विचार मंदावतात आणि योग्य उपचारांनी पुष्कळदा सुधारतात. साधी रक्ततपासणी आणि आवश्यक तेथे मेंदूचे चित्रण केल्यावाचून 'आता काही उपाय नाही' असे म्हणणे, हा त्या माणसावर अन्याय होय.

दुसरी गोष्ट अचानक होणाऱ्या भ्रमाची. काल चांगले बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले, त्यांना नसलेली माणसे दिसू लागली, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसून लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी किंवा क्षार कमी होणे, अशा एखाद्या आजाराचा परिणाम असतो. त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे, त्याला असा भ्रम होण्याचा धोका अधिक असतो. याचा जो अनुभव आम्ही घेतला, तो सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो, कारण त्यात दोष आमचा आहे.

आमच्याच सहीचा नियम

२०१४ साली अण्णा न्हाणीघरात पडले आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. त्यांना आपल्याच रुग्णालयात पुरुषांच्या विभागात दाखल केले. सायंकाळी सातनंतर विभागात नातेवाइकांनी थांबू नये, असा नियम तेव्हा होता. गर्दी आणि अस्वच्छता टाळण्यासाठी तो काही वर्षांपूर्वी आमच्याच सहीने निघाला होता. प्रशासकाने स्वतःसाठी अपवाद करू नये, या विचाराने आम्ही आईला घरी नेले.

पहाटे काही कामानिमित्त आम्ही विभागात गेलो. अण्णांनी रात्री सलाईन ओढून काढले होते. विभागात एकट्या असलेल्या परिचारिकाताईंना इतर रुग्णही पाहायचे होते. त्यांनी नाइलाजाने अण्णांचे दोन्ही मनगट पट्टीने खाटेच्या गजाला बांधले होते. अण्णांचा चष्मा टेबलाच्या खणात होता. आम्हाला पाहून ते म्हणाले, "मालक, माझं काय चुकलं? शिल्लक जुळतीय की."

परिचारिकाताईंचा यात काही अपराध नव्हता. नियम आमचा होता आणि एका परिचारिकेवर इतक्या खाटा सोपवणारे वेळापत्रकही आमचेच होते. स्थळकाळाचे भान सुटलेल्या माणसाला अंधारात, अनोळखी जागी, चष्म्यावाचून आणि ओळखीच्या चेहऱ्यावाचून ठेवले होते. त्याने घाबरू नये, अशी आमची अपेक्षा होती.

या विषयावर शास्त्रीय माहिती उपलब्ध होती. आम्ही ती वाचली नव्हती एवढेच. अमेरिकेत न्यू हेवन येथील रुग्णालयात सत्तर वर्षे व त्यावरील ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आहे. ज्या रुग्णांना दिवस-वार-जागा यांची वारंवार आठवण करून दिली, चष्मा व श्रवणयंत्र दिले, पाणी पाजले, लवकर चालवले आणि रात्रीची शांत झोप मिळू दिली, त्यांच्यात भ्रमाचे प्रमाण ९.९ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या रुग्णांत ते १५ टक्के होते. यात महागडे असे काहीच नाही.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने २०१५ साली आपण नियम बदलले. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाजवळ रात्रंदिवस एका आप्ताला थांबता येते. प्रत्येक विभागात मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि दिनदर्शिका आहे. दाखल होतानाच चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी यांची नोंद होते व ती रुग्णाजवळच राहतात. खाटेशी 'माझी ओळख' नावाचा एक कागद असतो. घरी काय नावाने हाक मारतात, व्यवसाय काय होता, चहात साखर चालते की नाही, कशाने भीती वाटते, एवढेच त्यावर असते. हात बांधणे हा शेवटचा उपाय समजावा आणि तसे करावे लागल्यास डॉक्टरांची लेखी नोंद असावी, असा दंडक आहे. तो मोडला गेल्याचे आढळल्यास नातेवाइकांनी थेट आमच्याकडे यावे.

मेंदूची गंगाजळी

पेढीचा मालक चांगल्या वर्षी नफ्यातील काही भाग गंगाजळीत टाकतो. मंदीचे वर्ष आले तरी पेढी चालू राहते. मेंदूबाबतही असे काही असते, असे शास्त्रज्ञ मानतात. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींचा दीर्घ अभ्यास आरंभिला. त्यात ६७८ जोगिणी सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी देण्यास त्यांनी संमती दिली. त्यांतील काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर आढळल्या. परंतु हयातीत त्यांच्यात स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसली नव्हती. रोग असूनही शिलकीवर त्यांचा व्यवहार चालला होता.

ही शिल्लक कशाने वाढते आणि कशाने घटते, याचा आढावा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने वेळोवेळी घेतला. २०२४ सालच्या अहवालात त्यांनी चौदा बाबी सांगितल्या आहेत. बालपणातील शिक्षणाचा अभाव ही पहिली. मध्यम वयातील बाबी अशा : कमी ऐकू येणे, रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे अधिक प्रमाण, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, स्थूलता आणि अतिरिक्त मद्यपान. उतारवयात एकाकीपणा, हवेचे प्रदूषण आणि उपचाराविना राहिलेली अंधुक दृष्टी. या चौदा बाबी पूर्णपणे दूर करता आल्या, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा आयोगाचा हिशेब आहे. हा हिशेब समाजाचा आहे, एका माणसाचा नव्हे. सर्व नियम पाळूनही एखाद्याला हा आजार होऊ शकतो. म्हणून रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना 'तुम्ही काळजी घेतली नाही' असे कोणी म्हणू नये.

या यादीतील एक बाब आम्हाला स्वतःला भोवली. पन्नाशी उलटल्यावर सभेत मागे बसलेल्यांचे बोलणे आम्हाला नीट ऐकू येईनासे झाले. लोक पुटपुटतात, असे आम्ही समजत होतो. वर्गात दर महिन्याला 'कान तपासा' असे सांगणारा माणूस स्वतः दोन वर्षे तपासणी टाळत होता, कारण श्रवणयंत्र लावले म्हणजे म्हातारपण आले, असे मनात होते. आता आम्ही यंत्र लावतो. ज्यांना चष्म्याचा संकोच वाटत नाही, त्यांनी यंत्राचा संकोच का करावा, याचे समर्पक उत्तर आम्हाला अद्याप सापडलेले नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते; पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. ती रक्तावाटेच येते. म्हणून जे हृदयाला अपायकारक, ते मेंदूलाही अपायकारक. चाळिशीपासून रक्तदाब आणि साखर तपासून आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, तंबाखू सोडणे, दुचाकीवर शिरस्त्राण घालणे, माणसांत राहणे आणि काही ना काही नवे शिकत राहणे, हीच ती गंगाजळी. आणि पहिली बाब शिक्षणाची असल्याने, गावातील मुलगी शाळेत टिकली, तर ती सत्तर वर्षांनंतरच्या आजीसाठी केलेली तरतूद ठरते.

औषधांबाबतही खरे सांगितले पाहिजे. प्रचलित गोळ्यांनी काही रुग्णांच्या लक्षणांत काही काळ उतार पडतो. लेकानेमॅब या नव्या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. आजाराच्या आरंभीच्या अवस्थेत अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. मात्र मेंदूला सूज येणे व रक्तस्राव होणे हे त्याचे धोके आहेत. गेलेले स्मरण परत आणणारे औषध आजमितीस नाही. तसे आश्वासन देणाऱ्याला कोणी पैसे देऊ नयेत.

घरी कसे वागावे?

"मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नये. "आजी, मी तुमची नात, पुण्याहून आले," असे आपणच सांगावे. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात, समोर उभे राहून बोलावी. वाद घालू नये. दिवंगत पतीची वाट पाहणाऱ्या बाईला दर वेळी "ते वारले" असे सांगितले, तर ती दर वेळी नव्याने दुःख करते, त्यापेक्षा "त्यांची आठवण येतेय का?" असे विचारून त्यांच्याविषयी बोलू द्यावे. दिवेलागणीच्या सुमारास पुष्कळ रुग्ण अस्वस्थ होतात. त्या वेळी घरात भरपूर उजेड ठेवावा, पाहुणे आणि गलका टाळावा. खिशात नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा. अनेकदा बोलणे हरवले तरी लहानपणापासून म्हटलेले अभंग आणि आरत्या टिकून राहतात. त्यांचा आधार घ्यावा.

अण्णा शेवटच्या वर्षांत फार अस्वस्थ असत. एके दिवशी आईने त्यांना एक कोरी खतावणी आणि पेन दिले. ते दिवसभर रकाने आखीत, आकडे मांडीत बसले. त्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. खोटे हिशेब लिहू द्यावेत, हे आमच्या मनाला पटेना. आई म्हणाली, "त्यांना हिशेब नकोय रे, काम हवंय." इतक्या वर्षांत या विषयावर आम्ही पुष्कळ वाचले, आईच्या त्या वाक्याइतके उपयोगी फार थोडे वाटले. अण्णा २०१८ साली गेले. त्यांनी भरलेल्या तशा अकरा वह्या आमच्याकडे आहेत.

कागदपत्रे वेळेत करावीत

हा भाग आमच्या शिक्षणाशी संबंधित आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पुष्कळ कुटुंबे आजार बळावल्यावर मुखत्यारपत्र करावयास धावतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता नष्ट झाली की ते अधिकारही संपतात. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. मृत्युपत्रही मन सुस्थिर असतानाच करावे लागते. यास्तव निदान लवकर झाले, तर रुग्णाला स्वतःची इच्छा स्वतः सांगता येते. नामनिर्देशन, संयुक्त खाते, विम्याची व पेन्शनची कागदपत्रे ही त्याच्या संमतीने तेव्हाच नीट करावीत. वेळ निघून गेली असल्यास निराश होऊ नये. अशा रुग्णांसाठी उच्च न्यायालयांनी पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. वकिलांचा सल्ला घ्यावा.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

अण्णांच्या आजारपणात आईचा रक्तदाब किती वाढला होता, हे आम्हाला तिला चक्कर आल्यावर कळले. ती तीन वर्षे सलग रात्रभर झोपलीच नव्हती. आमच्या वर्गात येणाऱ्यांत पत्नी, सुना आणि मुली यांचीच संख्या अधिक असते. पुरुष बहुधा गाडीपर्यंत सोडायला येतात. आमची त्यांना विनंती आहे की, आठवड्यातून दोन रात्री आपल्याकडे घ्याव्यात. वर्गातील एका भगिनीने एकदा रडत सांगितले की, सासऱ्यांवर आपला हात उचलला गेला. तेथे बसलेल्या कोणीही तिला नावे ठेवली नाहीत. दोघींनी तिच्या घरी आळीपाळीने जाऊन बसण्याचे ठरवले. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या शासकीय मदतवाहिन्या आहेत. भारतातील अल्झायमर आणि संबंधित विकारांची संस्था १९९२ पासून केरळमधून सुरू होऊन देशभर काम करीत आहे. मदत मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर करणे नव्हे.

सविनय निवेदन

देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब या अहवालात आहे. घड्याळे, दिनदर्शिका, न्हाणीघरांतील दांडे आणि 'माझी ओळख' यांवरील खर्च इतका किरकोळ आहे की, तो 'इतर' या सदरात बसला. त्या एका ओळीने किती हातांच्या पट्ट्या सुटल्या, हे ताळेबंदात दिसत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिले. येत्या वर्षी रात्रपाळीत प्रत्येक वृद्ध विभागात एक अधिक परिचारिका असावी, अशी आमची इच्छा आहे. ज्यांना त्यासाठी साहाय्य करावयाचे असेल, त्यांचे स्वागत आहे. ज्यांना धन देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातून दोन तास एखाद्या रुग्णाजवळ येऊन बसावे. तीही देणगी आम्ही तितक्याच आदराने जमा धरू.

आणि रुग्णांच्या घरच्यांना एवढेच सांगणे आहे की, आपल्या वडीलधाऱ्यांच्या वहीत एखादी रक्कम दोनदा मांडलेली दिसली, तर हसू नका, रागावू नका. वही मिटू नका. दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या सभागृहात या. शुल्क नाही.



आपले विनम्र,
प्रशासकीय अधिकारी